नाही म्हणायची ऐपत

१९३९ सालच्या ऑक्टोबरात मुंबई सरकारनं लढाईला नाही म्हटलं.

लढाई इथली नव्हती. ती पेटली पोलंडात. ३ सप्टेंबरला इंग्रज तीत उतरला आणि त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगोनं जाहीर करून टाकलं, हिंदुस्थानसुद्धा लढाईत आहे. विचारलं कुणाला? कुणालाच नाही. दिल्लीच्या विधिमंडळाला नाही, प्रांताप्रांतात निवडून आलेल्या सरकारांना नाही. खोतानं बांधाचं भांडण काढावं आणि डोकी कुळांची फुटावीत, तसला प्रकार. मुंबई प्रांतात तेव्हा बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ होतं. प्रांताच्या मुख्य मंत्र्याला त्या काळी पंतप्रधान म्हणायचे. काँग्रेसनं १४ सप्टेंबरला इंग्रजापुढं सवाल टाकला : लोकशाहीसाठी लढतोस म्हणतोस, मग आमच्या लोकशाहीचं काय? १७ ऑक्टोबरला व्हाइसरॉयचं उत्तर आलं. अर्थ एवढाच की लढाई संपू दे, मग बघू. काँग्रेसची कार्यकारिणी वर्ध्याला बसली, मंत्र्यांनी राजीनामे द्यायचे ठरलं. त्याच सुमारास मुंबईच्या विधिमंडळात खेरांनी ठराव आणला की हिंदी लोकांची संमती न घेता देश लढाईत ओढला, याचा या सभेला खेद होतो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मंत्रिमंडळ खुर्च्या सोडून घरी गेलं. कारभार गव्हर्नर लम्लेच्या हातात गेला. आठ प्रांतांत असंच झालं.

शाळेच्या पुस्तकात हे दोन ओळींत उरकतं. राजीनामे दिले, पुढं चले जाव. मास्तर पान उलटतो. त्या पानाच्या पोटात आपली माणसं कुठं होती हे कुणी सांगत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

मी तळोज्याला एमआयडीसीत मिलमध्ये आहे. मिल म्हटलं की जुन्या माणसांना परळ-लालबागचं कापड आठवतं. आमची मिल लोखंडाची. भंगार वितळवायचं, बिलेट ओतायचे, ते लाल करून रोलमधनं काढायचे, सळई करायची. भंगाराचे कंटेनर न्हावा-शेव्याहून येतात. कुठल्या मुलखाचं भंगार हे भट्टी विचारत नाही. पण लढाई भंगारातनं घरी येते हे आमच्या खात्यातल्या अडाण्यालाही ठाऊक आहे. २००४ साली गाझियाबादजवळ एका पोलाद कारखान्यात परदेशच्या भंगारात आलेला तोफगोळा फुटला, दहा कामगार मेले. त्यांना कुठल्या सरकारनं विचारलं होतं? आमच्याकडं नवा पोरगा लागला की जुना माणूस त्याला पहिल्या दिवशी सांगतो, बंद तोंडाचं नळकांडं दिसलं तर हात लावू नको, वरडत पळ. हेल्मेट मिळायच्या आधी हे शिक्षण मिळतं. कँटीनच्या टीव्हीवर युक्रेन दिसतं, गाझा दिसतं, पडलेल्या इमारती दिसतात, आणि शेजारी बसलेला माणूस वरणात भात कालवत म्हणतो, "ह्यातलं लोखंड आपल्याकडं यायला किती वर्सं लागतील रं?" तो विनोद करत नसतो. हिशेब करत असतो.

तर लढाई आणि आपण, ही गोष्ट माझ्या डोक्यात तशीच फिरत होती. मग ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर बाबासाहेबांच्या भाषणांचा दुसरा खंड घेतला. सरकारनं १९८२ साली काढलेला, इंग्रजी, जाडजूड. मुंबईच्या विधिमंडळातली त्यांची भाषणं त्यात आहेत. माझं इंग्रजी डिक्शनरीचं. एका पानाला एक रात्रपाळीची सुट्टी लागते. मी कविता लिहितो म्हणून मित्र म्हणाले, सरकारी कागद कशाला वाचतोस, त्यात कविता नसते. वाचून बघा म्हणावं.

१९३९ च्या त्या शेवटच्या आठवड्याकडं जायच्या आधी तीन आठवडे मागं जावं लागतं. कारण लढाईला नाही म्हणणारं खेरांचं सरकार पहिलं नव्हतं. २ ऑक्टोबर १९३९ ला मुंबईतल्या सुमारे ९० हजार गिरणी कामगारांनी लढाईच्या विरोधात एक दिवस काम बंद केलं. पगारासाठी नाही, बोनससाठी नाही. लढाई नको म्हणून. मंत्री अजून इंग्रजाच्या उत्तराची वाट बघत होते आणि गिरणगाव भोंगा वाजूनही आत गेलं नाही. ते लाल बावट्याचे लोक होते, त्यांच्याशी आपलं पटलं किती आणि फाटलं किती हा निराळा विषय. पण ज्याच्या घरात उद्याचं पीठ नाही तो एका दिवसाचा रोज सोडून लांब युरोपातल्या लढाईला नाही म्हणतो, ही साधी गोष्ट नाही. मंत्र्यानं सोडली ती खुर्ची. त्याच्या मागं वकिली होती, वाडा होता, पक्ष होता. कामगारानं सोडला तो दिवस, आणि त्याच्या मागं वाणी होता.

त्या ९० हजारांत आपले किती होते? असणारच. गिरणीत आपले हजारोंनी होते. पण कुठल्या खात्यात? रिंग खात्यात, झाडलोटीत, जिथं पगार कमी तिथं. साचे खात्यात आपल्या माणसाला मज्जाव. कारण धोट्यातनं सूत तोंडानं ओढून घ्यावं लागायचं आणि महाराच्या ओठाला लागलेलं सूत सवर्ण साचेवाल्याला चालत नव्हतं. संपाला खांद्याला खांदा, साच्याला हात नाही. १९२८-२९ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हे पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकलं होतं. म्हणजे ज्या दिवशी ते सगळे मिळून म्हणाले की साम्राज्याच्या लढाईत आम्ही नाही, त्या दिवशीसुद्धा आपला माणूस दुहेरी बाहेर होता. लढाईच्याही बाहेर, साच्याच्याही बाहेर.

आता खेरांच्या सरकारकडं बघा. मी त्यांना उगाच नावं ठेवणार नाही. इंग्रजानं विचारलं नाही हे खरं होतं, आणि न विचारता दुसऱ्याची पोरं तोफेपुढं उभी करणाऱ्याला नाही म्हणणं हे बरोबरच होतं. मिळालेली सत्ता सोडणं ही आजच्या हिशेबानं तर अद्भुत गोष्ट. आज एक नगरसेवक खुर्ची सोडत नाही. पण ह्याच सरकारनं वर्षभर आधी काय केलं होतं? १९३८ साली औद्योगिक तंट्यांचा कायदा केला. नोटीस द्या, तडजोडीला बसा, ते सगळं चक्र फिरून होईपर्यंत थांबा, त्याआधी काम बंद केलं तर संप बेकायदा, तुरुंग. बाबासाहेब विधिमंडळात उभे राहून सांगत होते की संप म्हणजे दुसरं काही नाही, मनाविरुद्ध राबायला नाही म्हणायचा माणसाचा हक्क. तो काढून घेतलात की उरते ती गुलामी. ऐकलं नाही. ७ नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावटा एकत्र येऊन मुंबईत संप झाला. पोलिसांच्या गोळ्या सुटल्या. सरकार कुणाचं? खेरांचं. बरोबर एका वर्षानं तेच सरकार इंग्रजाला विचारत होतं, आम्हाला न विचारता आमच्याकडून काम कसं करून घेता?

हे मी डिक्शनरी बाजूला ठेवून दोनदा वाचलं. नाही म्हणायचा हक्क मंत्र्याला आहे, मजुराला नाही.

आणि खोतीचं तर विचारूच नका. आम्ही मूळचे महाडकडचे, जुना कुलाबा जिल्हा. तिथं खोत म्हणजे सरकार. सारा त्याचा, वेठ त्याची, मळणी त्याच्या खळ्यावर, आणि महाराच्या अंगावर शिवाय गावकी. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ ला खोती नष्ट करायचं बिल आणलं. १० जानेवारी १९३८ ला कोकणातली कुळं मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेली, अंगावर घोंगडी, हातात काठ्या. खेर भेटले, ऐकून घेतलं. बिल तसंच पडून राहिलं. मंत्रिमंडळ गेलं तेव्हाही पडूनच होतं. कायदा झाला तो १९४९ चा, स्वराज्य आल्यावर. लढाईच्या विरोधात ठराव आठवडाभरात होतो, खोताच्या विरोधात दोन वर्षांत होत नाही. कारण लढाई इंग्रजाची होती आणि खोत आपल्यातला. त्यांच्यातला, म्हणतो मी.

ह्या सगळ्यावर पाय ठेवून बाबासाहेब त्या ऑक्टोबरच्या चर्चेला उभे राहिले. न विचारता देश लढाईत ओढला हे त्यांनाही मान्य नव्हतं. पण हिटलर जिंकला तर काय होईल हेही त्यांना दिसत होतं, जुना मालक जाऊन नवा येईल, आणि नवा वंशाच्या नावानं माणूस मारणारा. त्यात आपलं भलं काय? त्यांचा खरा प्रश्न निराळाच होता. इंग्रज गेल्यावर हे राज्य कुणाच्या हातात पडणार? तुम्ही देशाच्या नावानं बोलता, देशात आम्ही आहोत का? त्यांनी सांगून टाकलं की माझं स्वतःचं हित आणि देशाचं हित यांत भांडण लागलं तर मी देशाचं पुढं ठेवीन. पण देशाचं हित आणि अस्पृश्यांचं हित यांत लागलं तर अस्पृश्यांचं पुढं ठेवीन. सभागृहात बसलेल्यांना हे झोंबलं असणार. झोंबायलाच पाहिजे होतं. खेर म्हणत होते, आम्हाला विचारलं नाही. बाबासाहेब म्हणत होते, आणि तुम्ही? तुम्ही कधी विचारलंत?

मंत्रिमंडळं गेली तेव्हा २२ डिसेंबरला मुस्लिम लीगनं मुक्तिदिन पाळला आणि बाबासाहेब भेंडीबाजारात जीनांच्या शेजारी व्यासपीठावर बसले. आपल्यातल्या काही शिकलेल्यांना हे आजही अवघड जातं, ते पान ते भरभर उलटतात. मला नाही अवघड जात. सात नोव्हेंबरची गोळी आठवली की जात नाही.

एक लक्षात घ्या, राजीनाम्यानं लढाईला गेलेला एक माणूस थांबला नाही. फौज २ लाखांवरून २५ लाखांवर गेली. सगळे स्वखुशीनं भरती झाले असं लिहितात. स्वखुशी. दुष्काळाच्या मुलखात, बिनजमिनीच्या वस्तीत, स्वखुशी ह्या शब्दाचा अर्थ काय होतो हे इतिहास लिहिणाऱ्यानं एकदा पोट रिकामं ठेवून बघावं. इकडं मुंबईत गिरण्या रात्रंदिवस चालायला लागल्या, आणि धान्याचे भाव असे चढले की मार्च १९४० मध्ये महागाई भत्त्यासाठी गिरणी कामगारांना पुन्हा चाळीस दिवस बाहेर बसावं लागलं. लढाईला कुणी विचारलं नव्हतं, पण लढाईचं बिल बरोबर चाळीत येऊन पोचलं.

आणि आपली माणसं फौजेत गेली. हे लपवायचं कारण नाही.

आपल्याला फौज नवी नव्हती. मुंबईच्या फौजेत महार पिढ्यान्‌पिढ्या होता. बाबासाहेबांचे वडील सुभेदार. फौजेत पोराबाळांना शाळा सक्तीची होती, म्हणून त्या घरात पाटी आली. मग १८९० नंतर इंग्रजाला लढाऊ जातींचं खूळ लागलं आणि आपली भरती बंद. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, स्वतः फौजेतले पेन्शनर, त्यांनी १८९४ साली भरती पुन्हा उघडा म्हणून अर्ज लिहिला. विचार करा, जगात लोक भरती चुकवायला अर्ज करतात, आपण भरती द्या म्हणून केला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ ला १११ महार ही पलटण उभी केली, एडनला नेली, आणि १९२१ ला मोडून टाकली. काम झालं, घरी जा. पाटलाच्या घरचं लगीन उरकलं की वाजंत्र्याला घालवतात, तसं. १९४१ च्या जुलैत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर गेले आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार पलटण पुन्हा उभी राहिली. टोपीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता.

माझा पणजोबा त्या पलटणीत गेला. वीस-एकवीस वर्षांचा. घरात त्याचा एकही फोटो नाही. आहे ती फक्त बुटांची गोष्ट. ती आजीनं सांगितलेली, आणि आजीला तिच्या सासूनं.

लढाई संपली, पणजोबा १९४६ ला घरी आला. महाडपासून चालत. पायात पलटणीचे बूट, तळाला खिळे मारलेले. वस्तीत यायचं तर वाट खोताच्या अंगणापुढनं. दुसरी वाट ओढ्यातनं होती, चिखलाची, आपल्यासाठी ठेवलेली. पणजोबा अंगणापुढनं निघाला. ओटीवरनं आवाज आला, "कोण रं? पायात काय हाय?"

इथून पुढं दोन गोष्टी आहेत. आजी म्हणते, "माझा सासरा थांबलाच नाय. खिळं वाजवीत वाजवीत ग्येला. मागं वळून बगितलं नाय त्यानं." हे सांगताना आजी खाटेवर बसल्या बसल्या पाय आपटून दाखवते. पण गावाकडचा आमचा एक म्हातारा, पणजोबाचा धाकटा चुलतभाऊ, वारला आता, तो निराळंच सांगायचा. म्हणायचा, थांबला. खाली बसला. एक एक नाडी सोडली. बूट काढले, हातात घेतले, अंगण ओलांडलं, आणि पलीकडं जाऊन पुन्हा घातले. "लई येळ लागला नाड्या सोडायला," म्हातारा म्हणायचा. "लई लांब नाड्या व्हत्या त्या बुटांच्या."

मला म्हाताऱ्याचं खरं वाटतं. आजीसमोर मी हे बोलत नाही.

ज्या माणसाला लढाईला जाताना कुणी विचारलं नाही, लढाई का, कुणाशी, त्याला परत आल्यावर विचारलं गेलं ते एवढंच. पायात काय आहे.

परवा कँटीनमध्ये कुणीतरी मोबाइलवर काहीतरी दाखवलं आणि साताऱ्याकडचा एक जण मला म्हणाला, "भाऊ, राग मानू नका, पण तुमची लोकं कायम इंग्रजांच्या बाजूनं." २०१८ ची एक जानेवारी झाली, कोरेगाव भीमाला जाणाऱ्यांवर दगड पडले, तेव्हापासून हे वाक्य ज्याच्या त्याच्या खिशात असतं. त्या प्रकरणातले आनंद तेलतुंबडे २०२२ पर्यंत आमच्या तळोज्याच्या जेलात होते, बाबासाहेबांच्या घरचे जावई. पहिल्या पाळीची बस त्याच बाजूनं जाते. बसमध्ये सगळे झोपलेले असतात.

मी त्याला विचारलं, तुझे आजे-पणजे कुणी फौजेत होते का? म्हणाला, "होते की, मराठा पलटणीत, इटलीत लढले." मी म्हटलं, कुणाच्या बाजूनं? तो हसला. त्याचा माझ्यावर राग नाही, माझा त्याच्यावर नाही. भट्टीपुढं आम्ही दोघंही सारखेच भाजतो. पण त्याचा पणजा इटलीत इंग्रजाकडून लढला तो शूर, माझा पणजा पलटणीत गेला तो इंग्रजाचा, हे त्याला कुणी शिकवलं ते त्याचं त्यालाही माहीत नाही.

आजा फौजेत गेला नाही. तो परळच्या गिरणीत लागला. धोट्याचं तोंडानं सूत ओढणं तोवर गेलं होतं, तो साच्यावर होता, ह्याचा त्याला मरेपर्यंत अभिमान. १८ जानेवारी १९८२ ला संपात बाहेर पडला तो कायमचा. अडीच लाखांतला एक. बापानं पनवेल गाठलं, मग तळोजा. मी त्याच रस्त्यानं आत गेलो. ठेकेदाराचा माणूस आहे, कंपनीच्या वहीत माझं नाव नाही. बाराच्या जागी कधी सोळा तास होतात. कुणी विचारत नाही, थांबतोस का. मुकादम नुसता हात वर करतो.

कायदाही आता नवा आहे. २०२० साली संसदेनं औद्योगिक संबंध संहिता केली, २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. संप करायचा तर चौदा दिवस आधी नोटीस, तडजोड चालू असेल तोवर संप नाही. मी ते वाचलं तेव्हा मला वाटलं हे मी आधी कुठंतरी वाचलंय. दुसऱ्या खंडात वाचलं होतं. १९३८. सरकारं बदलली, खेर गेले, इंग्रज गेला, नोटीस तेवढी राहिली.

आता घरातलं सांगतो. माझा धाकटा भाऊ एकोणीस वर्षांचा आहे. बारावी झाला. अग्निवीरच्या भरतीची तयारी करतोय. पहाटे चारला उठतो, फेज वनच्या रस्त्यावर धावतो. ट्रकच्या धुरात आणि केमिकलच्या वासात धावतो, दम कसा टिकतो त्याचा त्यालाच ठाऊक. २०२२ ला ही योजना आली. चार वर्षं नोकरी, मग शंभरातले पंचवीस ठेवणार, पंच्याहत्तर घरी. मला लगेच १११ महार आठवली. पलटण उभी करा, काम झालं की मोडा. फरक एवढा की तेव्हा पलटण मोडायचे, आता एकेक माणूस सुटा मोडणार.

आई काही बोलत नाही. तिनं फक्त एकदा विचारलं, "लढाई झाली तं?" भाऊ म्हणाला, "होत नाही गं आता लढाया." टीव्ही चालूच होता.

मी त्याला बसवून सगळं सांगितलं. १९३९ सांगितलं, ठराव सांगितला, २ ऑक्टोबर सांगितला, साचे खातं सांगितलं. पणजोबाच्या बुटांच्या दोन्ही गोष्टी सांगितल्या, आजी झोपल्यावर. तो नीट ऐकत होता. मधेच म्हणाला, "दादा, पण बाबासाहेबांनीच भरती व्हा म्हटलं ना?"

म्हटलं, हो. त्यांनीच.

"का म्हटलं?"

म्हटलं, कारण तेव्हा दुसरं दार उघडं नव्हतं. बंदूक हातात आली की पगार येतो, शाळा येते, ताठ उभं राहता येतं. आणि उद्या देश झाला तर त्याच्या फौजेत आपण नसलो तर आपलं कोण ऐकणार, हाही विचार होता. त्यांनी लढाई चांगली आहे असं कधी म्हटलं नाही. आपल्याला बाहेर ठेवून कुणी लढाईला हो किंवा नाही म्हणू नये, असं म्हटलं.

भाऊ थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तू म्हणतोस जाऊ नको. बरं, नाही जात. मग काय, ठेकेदाराकडं लावतोस मला?"

हे त्यानं चिडून विचारलं नव्हतं. कुठली पाळी आहे, असं विचारावं तसं विचारलं. माझ्या हातावर त्या आठवड्यात उडालेल्या ठिणगीचा फोड होता, तो मी दुसऱ्या हातानं झाकला. त्यानं ते बघितलं.

खेरांना घर होतं, म्हणून त्यांना राजीनामा देता आला. गिरणी कामगाराला एक दिवस सोडता आला, कारण शेजारचे ९० हजारही सोडत होते. माझ्या भावाच्या शेजारी पहाटे चारला धावणारी तीसेक पोरं असतात. आपली आहेत, आगरी आहेत, यूपीवाल्यांची आहेत. सगळे एकाच जागेसाठी धावतात.

दुसऱ्या दिवशी त्याच्या धावायच्या बुटाचा तळ उचकटला होता. पनवेलच्या बाजारात जाऊन नवे घेतले, बाराशेला पडले. अर्धे मी दिले. सोमवारी तो चारला निघाला, मी पाचच्या बसला.